पाठराखणीचा धर्म

लग्न लागून मुलगी सासरी निघाली म्हणजे तिच्याबरोबर एक पाठराखीण धाडण्याची आपल्याकडे चाल आहे. कधी ती आजी असते, कधी धाकटी बहीण, कधी शेजारची मावशी. तिचे काम काय? ती नवरीच्या वतीने संसार करीत नाही, सासूशी भांडत नाही, मानपानाचा निवाडा तर मुळीच करीत नाही. ती फक्त बरोबर असते. परक्या घरात रात्री दचकून जाग आली तर ओळखीचा हात हाताला लागावा, एवढ्यासाठीच ती गेलेली असते.

आज ज्या कामाविषयी चार शब्द लिहायचे योजिले आहे, त्याला याहून चांगले नाव मला सुचत नाही. ज्या स्त्रीवर किंवा लेकरावर लैंगिक अत्याचार झाला, तिच्याबरोबर रुग्णालयात, पोलीस ठाण्यात आणि पुढे वर्षानुवर्षे कोर्टात जाणाऱ्या बाया आज गावोगाव आहेत. कोणी संस्थेच्या कार्यकर्त्या आहेत, कोणी सरकारी केंद्रातल्या समुपदेशक, कोणी वकील. ही परक्या दारातली पाठराखणच नव्हे काय?

विषय पाहून कोणी म्हणेल, “महाराज, देवाधर्माच्या मासिकात हे कशाला?” बरं, मग कुठे? वारीत लाखो बायाबापड्या चालतात. त्यांच्यातल्या कितीजणींच्या पोटात असली गोष्ट दडपलेली आहे, हे एक पांडुरंगच जाणे. ज्याविषयी आपण बोलत नाही, त्यात त्या एकट्या पडतात.

या कामात एक खरा प्रश्न आहे, आणि तो धर्माचाच आहे. अशी एक बाई, पुष्कळ वर्षे हे काम केलेली, मला म्हणाली, “लोक मला विचारतात, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का? नाही ना? मग तिच्या बाजूनं उभ्या कशा राहता? हा पक्षपात नव्हे का? सांगा, काय उत्तर देऊ?” तिच्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून एखादीच्या पाठीशी उभे राहणे हा धर्म, की अन्याय?

उत्तर शोधण्याआधी एक घडलेली हकीकत ऐका. 1972 सालचा मार्च महिना. विदर्भातले देसाईगंज, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले; आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. एक आदिवासी, पोरकी, मजुरी करणारी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. घरगुती तक्रारीसाठी तिला पोलीस ठाण्यात बोलावले. जबाब झाले, सगळे निघाले, आणि तिला तेवढे मागे थांबवून घेतले. दार लागले, दिवा गेला. तिच्यावर तिथेच अत्याचार झाला, अशी तिची फिर्याद होती, आणि आरोपी दोन पोलीस होते. तिची माणसे बाहेर ताटकळत होती. पुढे लोक जमले, गलका झाला, म्हणून तर ती फिर्याद कागदावर उतरली. त्या रात्री दाराशी जी अडाणी माणसे उभी होती, तीच तिची पहिली पाठराखण.

पुढे काय झाले? 1974 साली सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवून शिक्षा दिली. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, तेव्हा तिची संमतीच असली पाहिजे, असा त्या निकालाचा सूर होता. 1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की भीतीपुढे मान तुकवणे आणि राजीखुशीने हो म्हणणे या दोन गोष्टी एक नव्हेत. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला.

त्या मुलीचे नाव खटल्याशी जोडून सगळीकडे गेले. ते मी येथे घेत नाही. का, ते पुढे सांगतो.

वारकऱ्याला तर हा भेद कोणी शिकवावा लागू नये. शरणागती म्हणजे काय, हे आपण रोज कीर्तनात ऐकतो. मनापासून, कोणी न ढकलता पायी डोके ठेवणे ही शरणागती. मानेवर सुरी ठेवून वाकवले तर त्याला नमस्कार म्हणतात काय? भयाने अंग कधी बधिर होते, वाचा बसते, हातपाय हलत नाहीत. साप पुढे आल्यावर धडधाकट गडीही खिळल्यासारखा उभा राहतो. सापाला त्याची संमती होती, असे आपण म्हणत नाही. हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला 2013 साल उजाडले: अंगबळाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरता येत नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. माझे मत असे, की येथे दोन आसने आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक आसन न्यायाधीशाचे. संशय घेणे हा त्याचा धर्म आहे. त्याने दोन्ही बाजू ऐकाव्यात, पुरावा घासून पाहावा, निरपराध्याला शिक्षा होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावे. दुसरे आसन पाठराखणीचे. तिच्या हातात शिक्षा नाही, तुरुंगाची किल्ली नाही. तिने विश्वास ठेवला म्हणून कोणी फासावर जात नाही. तिचा विश्वास हा निकाल नव्हे, तो सोबतीचा शब्द आहे. ‘तू सांगशील ते मी उलटतपासणी न करता ऐकेन, आणि तुला एकटीला जाऊ देणार नाही,’ एवढाच त्याचा अर्थ. वैद्य जखम बांधताना भांडण कोणी काढले हे विचारत बसत नाही. म्हणून त्याला कोणी पक्षपाती म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, खोटी तक्रार असली तर? असूही शकेल. जगात खोटे कुठे नाही? पण ते निवडायलाच तर न्यायालय आहे. आपली खरी अडचण वेगळी आहे. न्यायाधीशाच्या आसनावर एकाने बसायचे, तर आपण सगळा गावच बसवतो. आई विचारते, तू त्या वेळी तिकडे गेलीस कशाला? शेजारीण विचारते, ओरडली का नाहीस? सासू विचारते, आजवर बोलली का नाहीस? निवाडा करणारे शंभर, आणि जवळ बसणारे कोणी नाही. कौरवांच्या सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांसारखा ज्ञानी धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणाला. असेल सूक्ष्म, पण तेवढा वेळ तिच्या शेजारी जाऊन उभे राहायला कोणत्या शास्त्राची आडकाठी होती?

आणि पूर्वायुष्याचे म्हणाल, तर कान्होपात्रा आठवा. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तशी ती विठोबाच्या पायाशी धावली आणि तिथेच तिने देह ठेवला, ही कथा आपण जाणतोच. देवाने तिला आईचा धंदा विचारला नाही. आमच्या कायद्यात मात्र फिर्यादी स्त्रीची चालचलणूक वाईट होती असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा होती. ते कलम 2002 साली निघाले. रुग्णालयात होणारी ती अपमानाची ‘दोन बोटांची’ तपासणी सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली गैर ठरवली आणि 2022 साली पुन्हा कडक शब्दांत बजावले, की जो ती करील तो गैरवर्तनाचा दोषी. देवळात जे शेकडो वर्षांपूर्वी घडले असे आपण गातो, ते कोर्टात यायला इतका काळ लागला.

पाठराखण प्रत्यक्षात करते काय, हेही माहीत असावे. पहिली गोष्ट, आधी रुग्णालय. पोलिसांत फिर्याद दिलेली असो वा नसो, कोणत्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयाला असे उपचार विनामूल्य करावे लागतात. काही औषधे पहिल्या बहात्तर तासांतच लागू पडतात, म्हणून उशीर नको. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. वाळवून कागदात ठेवावेत. तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी. दुसरी गोष्ट, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. अशा स्त्रीला पोलीस ठाण्यापासूनच वकिलाची मदत मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 सालीच सांगून ठेवले आहे. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्याची सोय 2013 पासून आहे. 181 हा क्रमांक स्त्रियांसाठी, 1098 मुलांसाठी. हे दोन आकडे दिंडीच्या प्रत्येक विणेकऱ्याला पाठ असावेत.

पण या कामाचा कस लागतो तो दुसरीकडेच. पाठराखणीला राग येतो. येणारच. तिला वाटते, हिने लढलेच पाहिजे. आणि ती बाई म्हणते, “नको ताई, मला घरी जाऊ द्या.” तेव्हा काय करावे? आधीच एकाने तिच्या देहावर तिचे न ऐकता सत्ता गाजवली. आता तिच्या भल्यासाठी का होईना, आपण तिच्या निर्णयावर सत्ता गाजवायची काय? नाही. सज्ञान स्त्रीला वाटा दाखवाव्यात, प्रत्येक वाटेवर काटे कुठे आहेत ते खरेखरे सांगावे, आणि ती जिकडे वळेल तिकडे बरोबर जावे. फिर्याद तिची आहे, आपली नाही. ‘मी हिला वाचवले’ हा अहंकार तर सगळ्यात वाईट. लेकरू अठरा वर्षांखालचे असेल तर मात्र गोष्ट निराळी. 2012 च्या कायद्याने ज्याला कळले त्याने कळवलेच पाहिजे. तिथे गप्प बसणे हाच गुन्हा.

आता आपल्या घरातली दोन औषधे, जी चुकीच्या जागी दिली तर विष होतात. एक प्रारब्ध, दुसरी क्षमा. पीडलेल्या बाईला ‘तुझे पूर्वसंचित’ असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणून साहण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणे हे अंग चोरणे आहे. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपण घागर घेऊन धावतो, त्याचे संचित मोजत नाही. तसेच क्षमेचे. क्षमा हे देणे आहे आणि देणारीनेच ते द्यायचे. गावाने मध्ये पडून, चार पैसे ठरवून, आरोपीशीच तिचे लग्न लावून जी मिटवामिटवी होते, तिला क्षमा म्हणू नये. ती तिच्या तोंडावर ठेवलेला दुसरा हात आहे.

आणि स्पष्टच लिहितो. अशा गुन्ह्यांत बहुतेक वेळा आरोपी ओळखीचाच असतो, हे सरकारी अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ओळखीचा म्हणजे घरातला, आळीतला, नात्यातला, आणि कधी ज्याच्या पाया पडतो असाही. आपल्या मठात, आपल्या दिंडीत, आपल्या एखाद्या मान्यवराविरुद्ध उद्या कोणी पोर उभी राहिली, तर आपण काय करू? ‘संप्रदायाला बट्टा लागेल’ म्हणून तिला गप्प करू, की तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालू? बट्टा झाल्या गोष्टीने लागतो, सांगितल्याने नाही. तुळशीची माळ गळ्यात आहे ती देवाची खूण म्हणून. कोणाच्या अपराधावर झाकण म्हणून नाही.

राहता राहिली नावाची गोष्ट. आपला सगळा संप्रदाय नामावर उभा आहे. नाम घ्यावे, मोठ्याने घ्यावे, हीच आपली शिकवण. पण हे एक ठिकाण असे आहे, जिथे नाव न घेणे ही सेवा आहे. 1983 पासून कायद्यानेही पीडित स्त्रीचे नाव छापायला मनाई केली. तिने स्वतः सांगितले तर तो तिचा अधिकार. आपण चावडीवर, पारावर, पंगतीत ते उच्चारू नये. म्हणून देसाईगंजच्या त्या मुलीचे नाव मी लिहिले नाही. अपराध करणाऱ्याची लाज तिने आयुष्यभर का वाहावी?

तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाला माझे उत्तर इतकेच, की निवाडा करणे तुझे कामच नव्हे. तू बरोबर चाल. खटला दहा वर्षे चालेल, कदाचित हरालही. तसे वचन कोणाला देऊ नये. पण वारीत आपण काय करतो? म्हातारीचे गाठोडे घेतो, पाय सुजला तर थांबतो, आणि तिला मागे टाकून पुढे जात नाही. तिची वाट आपण चालू शकत नाही, ती तिनेच चालायची. आपण शेजारून चालायचे.

वाचकहो, यंदा वारीत एखादी बाई चालता चालता काही सांगू लागली, तर मध्येच प्रश्न विचारू नका. आधी ऐकून घ्या. मग हळूच विचारा, “तुला काय हवं?” पाठराखणीचा धर्म तिथून सुरू होतो.

रामकृष्णहरी.