धरलेला हात

वसंत पंचमीला बासरच्या ज्ञानसरस्वतीपुढे पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरांची रांग लागते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातलं आणि आता निर्मल जिल्ह्यातलं हे गोदाकाठचं गाव धर्माबादहून जवळच. नांदेडचं एक कुटुंब धाकटीच्या अक्षरारंभासाठी आलं होतं. सोबत दुसरीतला थोरला नातू आणि हैदराबादेत टायटॅनियमच्या भट्टीवर उभा जन्म काढलेले आजोबा.

गुरुजींनी धाकटीचं बोट धरून तांदळात ‘ॐ’ गिरवून घेतला आणि बोट सोडलं. पोरीनं लगेच त्याखाली आपली एक वेडीवाकडी रेघ ओढली.

दर्शनानंतर घाटावर बसल्यावर आईनं थोरल्याची वही काढली. गृहपाठ राहिला होता. तिनं सवयीनं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. मोत्यासारखी अक्षरं उमटू लागली.

“सूनबाई, परीक्षेत कोण धरणार याचा हात?”

“सोडला की अक्षर बिघडतं हो, बाबा.”

आजोबा थोडा वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे टायटॅनियमचे ओतीव नग यायचे. त्यात सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम. आतली ठेवण भरड. एरवी ती घणाखाली मोडता येते. पण ओतीव नगाचा आकार ठरलेला, त्यावर घण कसा घालणार? नुसत्या आचेवर बदलायची तर हजार अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि तिथं दाणे आणखी फुगतात. अशा वेळी हायड्रोजनला बोलवायचं. सात-आठशे अंशांवर तो धातूत विरतो. शंभर भागांत अर्धा भाग पुरे. मग कमी आचेवरच ठेवण कूस बदलते, भरड मोडून बारीक होते.”

“म्हणजे काम झालं की!”

“झालं, म्हणूनच त्याला घालवायचं. निर्वात भट्टीत नग पुन्हा तासन्‌तास तापवायचा. दहा हजार भागांत दीड भागाहून जास्त हायड्रोजन उरता कामा नये. एकदा एका नव्या पोरानं घाई केली, भट्टी लवकर उघडली. नग कसा चकचकीत! पण थंड धातूला तेवढा हायड्रोजन पेलवत नाही. आत हायड्राइडच्या ठिसूळ चकत्या धरतात. त्यातला खाच पाडलेला एक नमुना वजन लावून टांगला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. काही दिवसांनी सकाळी बघतो, तर दोन तुकडे.”

“मग मुळात बोलवायचाच कशाला असला वायू?”

“त्याच्यावाचून ठेवण सुधारली नसती, म्हणून. प्राणवायू एकदा शिरला की निर्वात भट्टीतही निघत नाही. हायड्रोजन आल्या वाटेनं परत जातो, हाच त्याचा मोठा गुण. भट्टीवाल्यानं मात्र त्याला जाऊ द्यायला हवं.”

सूनबाई काही बोलली नाही. तिनं मूठ उचलली. पुढची ओळ उताराला लागली, ‘क्ष’ कोलमडला. तिचा हात पुढं सरसावला. तिनं तो पदरात गुंडाळून घेतला. पोरानं खोडलं, जीभ दातांत धरली आणि पुन्हा लिहिलं. हा ‘क्ष’ वाकडाच होता, पण त्याचा स्वतःचा होता.

तात्पर्य : आधारानं माणूस घडतो; पण काम झाल्यावरही तो आधार आत मुरून राहिला, तर तिथूनच तडा जातो.