इजिप्तचे वारस कोण?

साद झगलूल १९२७ च्या ऑगस्टमध्ये वारले. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१९ च्या उठावाचे ते नेते. त्यांची समाधी कोणत्या शैलीत बांधायची, यावर कैरोत वाद झाला. झगलूल अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकलेले मुसलमान, तेव्हा इस्लामी पद्धतीची कबर कोणालाही सहज सुचली असती. पण त्यांच्या वफ्द पक्षात कॉप्टिक ख्रिस्ती पुढारीही मोठ्या मानाने वावरत होते. अखेर फेरोंच्या काळातल्या मंदिरासारखी वास्तू उभी राहिली. पुढे वफ्दचे विरोधक इस्माईल सिद्की पंतप्रधान असताना त्या वास्तूत संग्रहालयातल्या प्राचीन राजांच्या ममी नेऊन ठेवल्या गेल्या. झगलूल यांचे अवशेष तिथे पोहोचायला १९३६ साल उजाडले.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण इजिप्तचा गेल्या शतकातला मोठा प्रश्न त्यात सगळाच दिसतो. इजिप्शियन माणूस कोण? फेरोंचा वंशज, अरब, मुसलमान, भूमध्य समुद्राकाठचा, की आफ्रिकी? प्रत्येक पिढीतल्या विचारवंतांनी आणि राज्यकर्त्यांनी यांपैकी एक उत्तर निवडले आणि तेच खरे म्हणून मांडले. यातले कोणतेही उत्तर खोटे नाही. म्हणून ऐतिहासिक सत्यासत्यता पाहून त्यांचा निवाडा होणार नाही. त्या उत्तराने देशातल्याच कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे विचारले तर निवाडा होऊ शकतो.

सुरुवातीला हा प्रश्न वंशाचा नव्हताच. १८८१-८२ मध्ये अहमद उराबी या लष्करी अधिकाऱ्याने बंड केले, तेव्हा सैन्यातल्या वरच्या जागा तुर्की-सर्केशियन अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या, अरबी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना बढतीची वाट बंद होती. तिजोरीवर युरोपीय सावकारांची नजर होती. 'इजिप्त इजिप्शियनांसाठी' ही घोषणा त्या काळातली. तिच्यात पूर्वजांचा अभिमान कमी आणि हक्काची मागणी जास्त होती. ब्रिटिशांनी १८८२ मध्ये देश ताब्यात घेतला आणि ती मागणी अपूर्ण राहिली.

१९१९ मध्ये ती पुन्हा उसळली. झगलूल यांना माल्टाला हद्दपार केल्यावर रस्त्यांवर चंद्रकोर आणि क्रूस एकत्र असलेले झेंडे फडकले. सर्जियस नावाच्या कॉप्टिक धर्मगुरूंनी अल-अझहरच्या व्यासपीठावरून भाषण केले. १९२२ मध्ये ब्रिटिशांनी मर्यादित स्वातंत्र्य दिले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तुतनखामेनची कबर सापडली. सुशिक्षित वर्ग फेरोंच्या प्रेमात पडला तो या वातावरणात. शिल्पकार महमूद मुख्तार यांचे 'इजिप्तचे जागरण' हे शिल्प १९२८ मध्ये उभे राहिले. त्यात उठू पाहणाऱ्या स्फिंक्सशेजारी एक शेतकरी स्त्री चेहऱ्यावरचा बुरखा बाजूला करते आहे. नगीब महफूझ यांच्या पहिल्या तीनही कादंबऱ्या प्राचीन इजिप्तवर आहेत. कैरोच्या गल्लीबोळांकडे ते नंतर वळले. लेखक ताहा हुसेन यांनी १९३८ मध्ये इजिप्तचे सांस्कृतिक नाते भूमध्य समुद्राशी आणि युरोपशी आहे, असे ठामपणे मांडले. मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांनाही चालेल असा, दोन्ही धर्मांच्या आधीचा पूर्वज शोधणे ही त्या पिढीची गरज होती आणि तिच्यात खरी उदारता होती.

पण हा पूर्वज खालपर्यंत पोहोचला नाही. कुराण ऐकत वाढलेल्या माणसाला फेरो म्हणजे मूसाला छळणारा जुलमी राजा. हसन अल-बन्ना यांनी १९२८ मध्येच इस्माईलिया शहरात मुस्लिम ब्रदरहूड सुरू केली आणि शिल्पकारांपेक्षा कितीतरी जास्त घरांत त्यांचा आवाज गेला. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्यावर गोळ्या झाडणारा लष्करी अधिकारी आपण फेरोला मारल्याचे ओरडला. एकाच देशात एकच शब्द एकासाठी अभिमानाचा आणि दुसऱ्यासाठी शापाचा होता.

आणि गंमत अशी की ज्या शेतकऱ्याला आपण फेरोंचे वंशज असल्याचे कोणी सांगितले नव्हते, तोच जुने जगणे जगत होता. नाईलकाठचा मुसलमान शेतकरी पेरणी-कापणीचा हिशेब कॉप्टिक महिन्यांवर ठेवत आला. ते महिने प्राचीन इजिप्शियन पंचांगातून आलेले. तूबा म्हणजे कडाक्याची थंडी, अमशीर म्हणजे वादळी वारे, हे त्याला कोणत्या पुस्तकातून कळलेले नाही. शम्म अन-नसीम हा वसंतातला सण कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी येतो. त्या दिवशी मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबे बागांत आणि नदीकाठी जमतात, खारवलेला मुरलेला मासा, कांदे आणि रंगवलेली अंडी खातात. हा मासा खाऊ नये असा इशारा आरोग्य खाते वर्षानुवर्षे देते, आणि लोक तो खातात. ओळख ही गोष्ट इतकी साधी आणि इतकी चिवट असते. तिला जाहीरनामा लागत नाही.

जाहीरनामे मात्र निघत राहिले. अरब लीगचे मुख्यालय १९४५ मध्ये कैरोत आले. १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सीरियाशी एकीकरण केले आणि 'इजिप्त' हे नावच देशाच्या नावातून गेले. उरले 'संयुक्त अरब प्रजासत्ताक'. सीरिया १९६१ मध्ये बाहेर पडला तरी ते नाव १९७१ पर्यंत टिकले. हे अरबपण वरून लादलेले होते, असे मी म्हणणार नाही. भाषा अरबी, उम कुलसूमचे गाणे साऱ्या अरब जगाचे, कैरोचा सिनेमा बगदादपासून मोरोक्कोपर्यंत पाहिला जाणारा. पण त्याच काळात जुन्या कैरो-अलेक्झांड्रियातले ग्रीक, इटालियन आणि सीरियन-लेबनीज लोक पांगले. १९४० च्या दशकात देशात सुमारे ७५,००० ज्यू होते. १९४८, १९५६ आणि १९६७ च्या युद्धांनंतर ते जवळपास सगळे गेले. अनेकांची मालमत्ता जप्त झाली, अनेकांना हाकलले गेले. 'अल-अहराम' हे वृत्तपत्र लेबनॉनहून आलेल्या तकला बंधूंनी सुरू केले, 'अल-हिलाल' मासिक तिथल्याच जुर्जी झैदान यांनी. आधुनिक इजिप्तचे मन घडवणाऱ्यांत हे 'बाहेरचे' लोक होते. त्यांची अनुपस्थिती हे त्या देशाचे मोठे नुकसान आहे, आणि ते अजून नीट मोजलेलेही नाही.

कॉप्टांची गोष्ट वेगळी, कारण ते गेले नाहीत. अधिकृत भाषा अशी की इजिप्तमध्ये अल्पसंख्याक नाहीत, सगळे एकाच विणीचे आहेत. १९१९ च्या झेंड्यावरून आलेली ही भावना सुंदर आहे, पण हळूहळू तिचा उपयोग तक्रार दाबण्यासाठी होऊ लागला. अल्पसंख्याकांच्या हक्कांवरची एक परिषद १९९४ मध्ये कैरोत भरणार होती. कॉप्टांना अल्पसंख्याक म्हटले म्हणून एवढा गदारोळ झाला की ती सायप्रसला हलवावी लागली. सादात यांच्या काळात, १९८० मध्ये, शरीयतची तत्त्वे कायद्याचा 'एक' प्रमुख स्रोत न राहता एकमेव प्रमुख स्रोत ठरली. ओळखपत्रावर धर्माचा रकाना आहे. बहाई लोकांना त्यात आडवी रेघ मारण्याची मुभा मिळायला २००९ साल यावे लागले. ९ ऑक्टोबर २०११ रोजी, त्या वर्षीच्या क्रांतीनंतर अवघ्या काही महिन्यांत, कैरोतल्या सरकारी दूरचित्रवाणीच्या मास्पेरो इमारतीसमोर निदर्शने करणाऱ्या कॉप्टांवर लष्कराच्या गाड्या चालून गेल्या आणि दोन डझनांहून जास्त माणसे मेली. 'आपण एकच' हे वाक्य ज्याला सोसावे लागते त्याला बोलू देत नसेल, तर त्या एकतेवर विश्वास ठेवणे मला जमत नाही.

आता वारे पुन्हा फेरोंकडे वळले आहे. एप्रिल २०२१ मध्ये २२ राजा-राण्यांच्या ममी सरकारी थाटात कैरोच्या रस्त्यांवरून नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत क्लिओपात्रा कृष्णवर्णीय दाखवली म्हणून देशभर संताप झाला. ती मॅसिडोनियन-ग्रीक घराण्यातली होती हे सरकारी खात्याने सांगितले, ते बरोबरच होते. पण त्या संतापात रंगाबद्दलची घृणाही मिसळली होती, आणि सुदानच्या युद्धातून पळून आलेले लोक त्याच सुमारास कैरोत आसरा शोधत होते.

रंगाचा हा प्रश्न देशाच्या आतलाच आहे. अस्वानच्या दक्षिणेला नाईलकाठी न्युबियन लोक हजारो वर्षे राहत आले. त्यांच्या भाषा अरबीहून वेगळ्या, आणि सरकारी शाळांत त्या शिकवल्या जात नाहीत. जुन्या सिनेमात न्युबियन म्हणजे दरवान किंवा स्वयंपाकी, तोही तोंडाला काळे फासलेला नट. १९०२ मध्ये अस्वानला पहिले धरण झाले, १९१२ आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढली आणि प्रत्येक वेळी त्यांची शेते आणि खजुराच्या बागा पाण्याखाली गेल्या. अस्वानच्याच नव्या उंच धरणासाठी १९६३-६४ मध्ये सुमारे ५०,००० न्युबियनांना कोम ओम्बोजवळ, नदीपासून दूर, नव्या वसाहतींत नेले. याच दशकात युनेस्कोच्या पुढाकाराने अबू सिम्बेलची देवळे कापून, तुकडे करून, सुमारे ६५ मीटर उंच जागी पुन्हा रचण्यात आली. जगभरातून पैसा आला, अभियंते आले. ते काम थोर होते आणि ते व्हायलाच हवे होते. पण तिथल्या रामसेस या फेरोच्या दगडी पुतळ्यांना त्याच नदीच्या काठावर जागा मिळाली, आणि त्यांच्या सावलीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसांना मिळाली नाही. प्राचीन वैभवाचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्याने या गोष्टीचे उत्तर द्यायला हवे.

२०१४ च्या राज्यघटनेने ते देऊ केले होते. कलम २३६ नुसार न्युबियनांना त्यांच्या मूळ प्रदेशात परत नेण्याचे आणि तो प्रदेश विकसित करण्याचे काम दहा वर्षांत व्हायचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या ४४४ क्रमांकाच्या आदेशाने सीमेलगतचा पट्टा लष्करी क्षेत्र जाहीर झाला आणि जुन्या न्युबियन गावांची जमीन त्यात गेली. २०१७ मध्ये अस्वानला डफ वाजवत, गाणी म्हणत निघालेल्या न्युबियन निदर्शकांना अटक झाली. पुढे काही कुटुंबांना भरपाई मिळाली. घटनेने घातलेली मुदत जानेवारी २०२४ मध्ये संपली. परतीचे वचन पाळले गेलेले नाही.