तिकीट वाटपाच्या टेबलावर

१९५७ साली दहिसर बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. त्याच वर्षी उत्तर मुंबईने लोकसभेवर निवडून दिलेला माणूस ना मराठी होता, ना गुजराती. व्ही. के. कृष्ण मेनन मल्याळी होते आणि उमेदीची बरीच वर्षे त्यांनी लंडनमध्ये काढली होती. १९६२ मध्ये आचार्य कृपलानींसारखा मातब्बर प्रतिस्पर्धी समोर असतानाही मतदारांनी कौल दिला तो मेनन यांनाच.

१९६७ मध्ये मात्र काँग्रेसने त्यांचे तिकीट कापले. उमेदवार इथलाच हवा, असा आग्रह पक्षात धरला गेला आणि ईशान्य मुंबईची उमेदवारी स. गो. बर्वे यांना मिळाली. आदल्याच वर्षी स्थापन झालेली शिवसेना मेनन यांच्या विरोधात उतरली. मेनन अपक्ष लढले, हरले. बर्वे यांचे लवकरच निधन झाले, तेव्हा पक्षाने पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले. मेनन पुन्हा हरले. १९६९ मध्ये त्यांना लोकसभेत पाठवले ते बंगालमधल्या मिदनापूरने.

मुंबईकरांना उपरा नको होता, असा या पराभवाचा अर्थ सहसा लावला जातो. शिवसेनेच्या प्रचाराचा परिणाम झालाच, पण घटनांचा क्रमही पाहायला हवा. याच भागातल्या लोकांनी मेनन यांना दोनदा स्वीकारले होते. त्यांना आधी नाकारले ते तिकीट वाटणाऱ्यांनी. लोकांपुढे तो प्रश्न आला नंतर.

पुढचा इतिहासही तेच सांगतो. आजच्या उत्तर मुंबई मतदारसंघात दहिसर, बोरिवली, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. उत्तर मुंबईने सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या राम नाईकांना सलग पाच वेळा दिल्लीला पाठवले. २००४ मध्ये विरारच्या गोविंदाने त्यांना हरवले. २००९ मध्ये मूळचे बिहारचे संजय निरुपम आले, नंतर दोनदा गोपाळ शेट्टी आणि २०२४ मध्ये पीयूष गोयल. मालाड पश्चिमेत तर २००९ पासून सलग चार वेळा अस्लम शेख आमदार झाले आहेत. इतक्या वेगवेगळ्या माणसांना निवडून देणाऱ्या मतदाराला संकुचित कसे म्हणायचे?

तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांवर महायुतीने एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही आणि महाविकास आघाडीनेही दिला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिमांचे प्रमाण साडेअकरा टक्के आहे. काँग्रेसचे नसीम खान यांनी प्रचार समितीचा राजीनामा देऊन नाराजी उघड केली, पण याद्या बदलल्या नाहीत. अशा वेळी पक्षांकडून येणारे उत्तर ठरलेले असते : निवडून येण्याची क्षमता. पण ज्याला कधी उभेच केले नाही, त्याची क्षमता मोजायची कशी?

दहिसरच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि त्या जंगलात वारली पाडे आहेत. शहर त्यांच्या अंगणापर्यंत येऊन भिडले, त्याआधीपासून ही माणसे इथे राहतात. दहिसर नाका ओलांडून आणखी उत्तरेला गेले की पालघर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, डहाणू आणि विक्रमगड हे विधानसभा मतदारसंघही राखीव आहेत. तिथे कायद्यामुळे प्रत्येक पक्षाला आदिवासी उमेदवार शोधावाच लागतो. मुंबईच्या ३६ विधानसभा जागांपैकी मात्र एकही जमातींसाठी राखीव नाही. महापालिकेच्या २२७ प्रभागांत अशा जागा दोन. राखीव जागा लोकसंख्येच्या हिशेबाने मिळतात आणि मुंबईतला आदिवासी थोडा आहे, विखुरलेला आहे. कायदा जिथे पोहोचत नाही तिथे पक्षाची जबाबदारी सुरू होते, आणि ती पार पाडण्याची सक्ती कोणावरच नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत एका मराठी माणसाच्या निमित्ताने उलट बाजूने उभा राहिला. बेळगावात वाढलेले, आत्मचरित्र मराठीत लिहिणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. मराठी घरांत त्याचा आनंद झाला. डेट्रॉइट मात्र कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेले शहर आहे. चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये काँग्रेसमध्ये गेल्यापासून तिथे या शहराचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी कायम होता. ठाणेदारांच्या विजयाने ती परंपरा खंडित झाली. डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत लढतीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली आणि स्वतःचा अमाप पैसा ओतणारे ठाणेदार तीस टक्क्यांहून कमी मतांवर पुढे निघाले. त्यांनी कोणताही नियम मोडला नाही. तरी आपला आवाज हरवल्याची डेट्रॉइटकरांची भावना खोटी ठरत नाही.

बोरिवलीत २०२४ च्या विधानसभेला भाजपने संजय उपाध्याय यांना तिकीट दिले, तेव्हा गोपाळ शेट्टींनी बाहेरचे उमेदवार पुन्हा पुन्हा लादले जातात म्हणून अपक्ष अर्ज भरला आणि नंतर मागे घेतला. त्या नाराजीत आणि डेट्रॉइटच्या वेदनेत साम्य आहे. निर्णय आपल्याला न विचारता झाला, हे दोन्हीकडचे दुःख. फरकही आहे. डेट्रॉइटच्या लोकांनी ती जागा वर्णभेदाशी पिढ्यान्‌पिढ्या झगडून मिळवली होती. म्हणून उमेदवार कुठे जन्मला, एवढ्यावर निकाल देता येणार नाही. यादीत आजवर कोणाला जागाच मिळाली नाही, हे आधी पाहावे लागेल.

पक्षाने मनावर घेतले तर याद्या बदलतात. ब्रिटनमध्ये २००५ साली हुजूर पक्षाचे अल्पसंख्याक वंशाचे खासदार फक्त दोन होते. डेव्हिड कॅमेरॉन यांनी निवडक उमेदवारांची खास यादी करून, श्वेतवर्णीय बहुसंख्येच्या सुरक्षित मतदारसंघांतही त्यांना उभे करायला सुरुवात केली. २०१० मध्ये ही संख्या ११ झाली. त्याच वाटेने २०१५ मध्ये यॉर्कशरच्या ग्रामीण भागातून ऋषी सुनक आले आणि सात वर्षांनी पंतप्रधान झाले. तिथल्या मतदाराचे मन पाच वर्षांत पालटले नव्हते. पक्षाने त्याच्यासमोर ठेवलेली नावे पालटली होती.

महाराष्ट्रातल्या पक्षांना हे आजही करता येईल. निवडणूक जाहीर होण्याच्या वर्षभर आधी प्रत्येक पक्षाने इच्छुकांची यादी जाहीर करावी. कोणत्या समाजातून, कोणत्या वस्तीतून किती अर्ज आले आणि त्यांतल्या कितींना तिकीट मिळाले, हे सांगावे आणि नाकारलेल्यांना कारण कळवावे. मग दहिसरच्या एखाद्या पाड्यावरची शिकलेली वारली मुलगी खुल्या प्रभागातून अर्ज करील, तेव्हा तिला तिकीट का नाकारले याचे उत्तर पक्षाला लेखी द्यावे लागेल.