अळवाची मालकी

जून २००६ मध्ये होनोलुलू शहरात काही कागद समारंभपूर्वक फाडण्यात आले. हवाई विद्यापीठाने चार वर्षांपूर्वी, म्हणजे २००२ साली, अळवाच्या तीन नव्या जातींवर अमेरिकी सरकारकडून पेटंट मिळवले होते. लोकांच्या विरोधापुढे विद्यापीठाने तो हक्क सोडून दिला आणि पेटंटांच्या प्रती लोकांसमक्ष फाडल्या गेल्या. पालेहुआ, पाआकाला आणि पाउआकेआ अशी त्या जातींची नावे. नावे हवाई भाषेतली आणि मालकी विद्यापीठाची, एवढ्यावरून तंटा झाला असेल असे वरवर वाटेल. मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मलाही तसेच वाटले. पण विरोध करणाऱ्यांचे म्हणणे वाचत गेलो तसतसा तो प्रश्न मला पेटंटच्या कायद्याहून फार जुना वाटू लागला. माणसाचे वनस्पतीशी नाते कोणते, आणि त्या नात्यात ‘माझे’ हा शब्द कोठवर चालतो, हा तो प्रश्न.

‘हवाई’ म्हटले की आपल्याकडच्या मुलांना विमान आठवते. येथे अभिप्रेत आहे तो पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावरचा द्वीपसमूह. सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडहोड्यांतून हजारो मैल समुद्र ओलांडून तेथे पोहोचले. नव्या भूमीवर खायला काय मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी कंद, कोंब, फांद्या बरोबर नेल्या. अशा दोन डझनांच्या आसपास वनस्पती मोजल्या जातात. त्यांची यादी पाहताना मला परक्या देशाची यादी वाचतो आहोत असे वाटलेच नाही. ‘निऊ’ म्हणजे नारळ. ‘को’ म्हणजे ऊस. ‘ओलेना’ म्हणजे आपली हळद. ‘नोनी’ म्हणजे बारतोंडी, ‘कामानी’ म्हणजे कोकणातली उंडी, ‘मिलो’ म्हणजे परसभेंडी. आणि ‘कालो’ म्हणजे अळू.

अळवाचे मूळ आशियातले. आपल्या सीमाभागात मराठी घरातले अळू कन्नड शेजाऱ्याकडे गेले की केसू होते. इंदूरच्या बाजारात त्याची अरबी होते, हैदराबादेत चामगड्डा, आणि बडोद्याला त्याच पानांचे पात्रा. पान तेच, खाजही तीच. आपण चिंच किंवा आमसूल घालून ती मारतो. हवाईचे लोक पाने आणि कंद भरपूर शिजवून मारतात. कंद शिजवून, पाटीवर दगडी बत्त्याने कुटून आणि पाणी घालून ते जी लापशी करतात तिला ‘पोइ’ म्हणतात. आपल्याकडे अळू श्राद्धाच्या पानात किंवा लग्नाच्या पंगतीत फतफत्याच्या रूपाने येते, एरवी ते परसातल्या सांडपाण्यावर वाढते. तेथे ते रोजचे अन्न, आणि त्याहून अधिक काही.

हवाई लोकांच्या उत्पत्तिकथेत वाकेआ हा आकाशपिता. त्याला होओहोकूकलानी हिच्यापासून पहिला मुलगा झाला तो मृत जन्मला. त्याला घराशेजारी पुरले. त्या जागी एक रोप उगवले, लांब देठाचे आणि वाऱ्यावर थरथरणाऱ्या पानाचे. ते पहिले अळू. त्याचे नावही तेच सांगते: लांब देठ, थरथरते पान. पुढे दुसरा मुलगा झाला, तो जगला. त्याला थोरल्या भावाचे नाव दिले, हालोआ. हा माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हे माणसाचे थोरले भावंड. थोरल्याने धाकट्याला पोसायचे आणि धाकट्याने थोरल्याची निगा राखायची, असा हा करार आहे.

कथा सगळ्याच लोकांच्या असतात. मला विशेष वाटले ते हे की ही कथा त्यांच्या रोजच्या शब्दांत भिनलेली आहे. पानाला जेथे देठ चिकटतो त्या जागेला ते ‘पिको’ म्हणतात. पिको म्हणजे बेंबी. देठाला ‘हा’ म्हणतात आणि ‘हा’ म्हणजे श्वासही. मुख्य कंदाला ‘माकुआ’, म्हणजे आईबाप. त्याच्या बगलेतून फुटणाऱ्या कोंबाला ‘ओहा’, आणि त्यावरूनच कुटुंबाला ‘ओहाना’. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. लग्नकार्यात आपण लेकुरवाळे हळकुंड शोधतो. कोंब फुटलेल्या हळकुंडात आपल्याला लेकुरवाळी बाई दिसते, ओहामध्ये त्यांना कुटुंब दिसते. पोइचे भांडे उघडे असताना त्याच्यासमोर भांडायचे नाही, वाद घालायचा नाही, असा तेथल्या घरांतला जुना शिरस्ता होता. थोरला भाऊ पानावर बसलेला असताना आवाज चढवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

जातींची नावे तर शेकडो होती. १९३९ साली तेथल्या कृषी संशोधन केंद्राने अळवाच्या जातींची वर्णनवार पुस्तिका काढली तेव्हाही ८० हून अधिक जाती नोंदवता आल्या. ‘मानिनी’ नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा मासा आहे. ज्या अळवाच्या देठावर तसे पट्टे, ते मानिनी. लाल लेहुआ फुलासारखा ज्याचा कंद, ते लेहुआ. ज्याचे पान बेंबीपर्यंत चिरलेले, ते पिको. आणि एकाचे नाव ‘आपुवाइ’, म्हणजे पाण्याची वाटी. त्याचे पान वाटीसारखे वळलेले असते आणि त्यात पाणी साठते. आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो ते जे ठरत नाही, चिकटत नाही त्याला उद्देशून. त्यांना त्याच झाडाची एक जात पाणी धरून ठेवणारी म्हणून लक्षात राहिली. दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत. भाषा म्हणजे पाहण्याची सवय असे आपण वर्गात सांगतो, त्याला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

असे नाव विसरले गेले तर काय बिघडते? झाडाला त्याचे सुखदुःख नाही. पण मानिनी म्हणणाऱ्याला देठ पाहावा लागतो आणि मासाही ठाऊक असावा लागतो. सगळ्याला सरसकट ‘टारो’ म्हणणाऱ्याला यातले काहीच पाहावे लागत नाही. कोणती जात चिखलात लावायची, कोणती डोंगरउतारावर, कोणती पोइला चांगली, कोणत्या पानांची भाजी, हे सारे नावाला टांगलेले असते. खुंटी निखळली की कपडे खाली पडतात.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. जुन्या हवाईतले सारे मंगल होते असे मानण्याचा मोह होतो, आणि दूरच्या बेटांविषयी तो जरा जास्तच होतो. तेथे ‘कापू’ नावाचे कडक सोवळे होते. स्त्रिया आणि पुरुष एकत्र जेवत नसत. केळी, नारळ, डुकराचे मांस स्त्रियांना वर्ज्य होते आणि नियम मोडणाऱ्याला देहान्त शिक्षाही होऊ शके. अळवाच्या काही उत्तम जाती सरदारांसाठी राखून ठेवलेल्या असत. १८१९ साली राजघराण्यातल्या स्त्रियांच्या पुढाकाराने राजाने त्यांच्या पंगतीला बसून ते सोवळे मोडले. थोरल्या भावाच्या पंगतीलाही पंक्तिप्रपंच होता तर! तेव्हा नाते मानले की न्याय आपोआप येतो असे नव्हे, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता पेटंटकडे वळू. विद्यापीठाची बाजू क्षुल्लक नव्हती. अळवाच्या पानांवर करपा पडतो. १९९३ मध्ये तो सामोआ बेटांवर पोहोचला आणि थोड्याच काळात तेथले अळवाचे पीक व निर्यात जवळजवळ संपली. हवाईत तसे होऊ नये म्हणून विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाने स्थानिक ‘माउई लेहुआ’चा पलाऊ बेटांवरच्या प्रतिकारक जातीशी संकर करून या तीन जाती काढल्या. हे वर्षानुवर्षांचे कष्ट होते. पण पेटंट घेतल्यावर शेतकऱ्याला परवान्यावर सही करावी लागे, उत्पन्नातला वाटा द्यावा लागे आणि रोपे इतरांना देण्यावर बंधन येई. २००६ च्या आरंभी मोलोकाई बेटावरचे कार्यकर्ते वॉल्टर रिट्टी आणि काही अळू-उत्पादक शेतकरी उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की संकर तुम्ही केला असेल, पण ज्याचा संकर केला ती जात आमच्या पूर्वजांनी शतकानुशतके निवडून, लावून, नाव देऊन तुमच्यापर्यंत पोहोचवली. आणि मुख्य म्हणजे, भावावर कोणी पेटंट घेते काय?

विद्यापीठाने तडजोड सुचवली की पेटंट मूळ हवाई लोकांच्या संस्थेच्या नावे करून देऊ. सामान्य मनुष्य येथे हो म्हणाला असता. त्यांनी नाही म्हटले. हालोआ कोणाच्याच मालकीचा नाही, म्हणून आमच्याही नाही, असे त्यांचे उत्तर होते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा क्षण हाच. दुसऱ्याची मालकी नाकारणे सोपे असते. तोच न्याय स्वतःला लावायला वेगळे बळ लागते.

आपण याच वाटेवर एक लढाई लढलो आहोत. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाबद्दल अमेरिकेत पेटंट मिळाले. तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असलेले, गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपला अभिमान रास्त आहे. पण आपला युक्तिवाद कोणता होता? हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे, आणि हे पाहा लेखी पुरावे. संस्कृत ग्रंथ होते, १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेख होता. कायद्याला कागद लागतो, तो आपल्याकडे होता. ज्यांचे ज्ञान आजीच्या तोंडात आणि शेताच्या बांधावर आहे, त्यांनी काय दाखवायचे? शिवाय त्या तीन जाती खरोखरच नव्या होत्या. ‘आम्हाला आधी ठाऊक होते’ हा मुद्दा तेथे चाललाच नसता. म्हणून हवाई लोकांना ‘आधी कोणाला कळले’ हा प्रश्न बाजूला सारून ‘हा आमचा कोण लागतो’ येथून सुरुवात करावी लागली. न्यायालयात याचे वजन किती, याची मला शंका आहे. नीतीच्या तराजूत मात्र मला ते हळदीच्या पुराव्याहून जड वाटते.

तरी त्या शास्त्रज्ञाच्या कष्टांचे काय, हा प्रश्न उरतोच. थोरल्या भावाला करपा झाला तर वैद्याची फी कोणी द्यायची? ती सरकारने, म्हणजे सर्वांनी मिळून द्यावी असे माझे मत आहे. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने पैदासकाराला हक्क दिला आणि त्याचबरोबर शेतकऱ्याला बियाणे राखण्याची, देवाणघेवाण करण्याची आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचीही मुभा ठेवली. हा मधला मार्ग शहाणपणाचा आहे, पण त्यातही बियाणे ही वस्तूच राहते. भाऊ कायद्यात बसत नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहते. होनोलुलूत कागद फाडणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी हवाई भाषा बोलली जात असेल? १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीचे राज्य उलथले गेले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. त्यापूर्वी या भाषेत शंभराच्या आसपास वृत्तपत्रे निघून गेली होती. दोन-तीन पिढ्यांत ती नीइहाऊ या छोट्याशा बेटावर आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. मेरी कावेना पुकुई या बाईंनी म्हाताऱ्यांकडून शब्द, म्हणी, झाडांचे उपयोग गोळा केले. सॅम्युअल एल्बर्ट यांच्याबरोबर केलेला त्यांचा शब्दकोश १९५७ साली निघाला. १९७८ मध्ये हवाई ही राज्याची अधिकृत भाषा झाली, आणि १९८४ साली पालकांनी लहान मुलांसाठी ‘पूनाना लेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, या नावाची शाळा काढली. हवाई माध्यमाच्या शाळांवरची बंदी १९८६ मध्ये उठली. माध्यमाचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात आवाज चढतात, म्हणून अधिक बोलत नाही. एवढेच नमूद करतो की शब्दकोश आधी आला आणि शाळा नंतर. कोशात ‘ओहा’ शब्द होता, अर्थही छापलेला होता, पण तो घरात परत यायला मुलांची तोंडे लागली.

दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्याला एक सोय असते. अळू म्हणणारा खरा आणि केसू म्हणणाराही खरा, हे त्याला लहानपणीच कळते. पण दोन्ही शब्द विसरून मूल नुसते ‘ग्रीन लीफी व्हेजिटेबल’ म्हणू लागले, तर ते कोणत्या भाषेत झाडाचे नातेवाईक राहिले, हे मला सांगता येणार नाही.

अळू बियांपासून फारसे लावत नाहीत. कंद काढला की वरचा शेंडा, बोटभर कंद आणि थोडे देठ ठेवून, कापून घेतात. त्याला ‘हुली’ म्हणतात. खालचा कंद घरी जातो, शिजतो, कुटला जातो. हुली त्याच दिवशी, फार तर दोन-चार दिवसांनी, पुन्हा चिखलात रोवतात. जोडहोडीतून आलेली जात अशीच हातोहात पुढे गेली आहे. आज हवाईच्या पाणथळ खाचरांत जे लेहुआ किंवा मानिनी उभे आहे, ते त्या जुन्या रोपाचाच न तुटलेला देह आहे. कोणीतरी दरवेळी शेंडा कापून बाजूला ठेवला, म्हणून.