कोण बघतंय?

फोनवर आयर्लंडचा नकाशा उघडा आणि वर डाव्या कोपऱ्यात या. ती डोनेगॉल काउंटी. तिथे राज्य डब्लिनचं, पैसे युरोचे, रस्त्यावरच्या पाट्या आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांतल्या. पण डब्लिनहून सरळ तिकडे निघालात तर वाटेत उत्तर आयर्लंड आडवं येतं, आणि ते युनायटेड किंग्डममध्ये मोडतं. डोनेगॉल आपल्या देशाला चिकटून आहे ते खालच्या बाजूच्या एका चिंचोळ्या पट्टीने. तिथे लीट्रिम काउंटीच्या वाट्याला आलेला समुद्रकिनारा पाच किलोमीटरसुद्धा भरत नाही. बेटाचं अगदी उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, डोनेगॉलमध्ये आहे. म्हणजे राजकारणाच्या भाषेत ते 'दक्षिणेत' आहे.

डोनेगॉलमध्ये आज रेल्वे नाही. गाडी नसेल तर बस. डब्लिनहून लेटरकेनीला जाणारी थेट बस मोनॅहनपर्यंत आयर्लंडमध्ये असते. मग ऑक्नाक्लॉय, ओमा, स्ट्रबेन अशी तासाभराहून जास्त वेळ ती ब्रिटनच्या हद्दीत धावते आणि लिफर्डला पूल ओलांडून पुन्हा आयर्लंडमध्ये येते. चार तासांच्या आसपासचा प्रवास. सीमेवर नाका नाही, फाटक नाही, चौकी नाही. वेगमर्यादेची पाटी किलोमीटरवरून मैलावर येते, रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ पांढरी होते आणि फोनवर मोबाइल कंपनीचा मेसेज येतो की यूकेमध्ये तुमचं स्वागत आहे. सीमा कुठे आहे हे त्या बसमध्ये फक्त फोनला कळतं.

आयरिश किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांना यातलं काहीच लागू नाही. दोन्ही देशांत त्यांच्यासाठी १९२० च्या दशकापासून मुक्त ये-जा आहे. माझ्याकडे मात्र भारतीय पासपोर्ट आणि आयर्लंडचं विद्यार्थी म्हणून मिळालेलं निवासी कार्ड. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या भारतीय पर्यटकांना दोन्ही देश फिरता येतील असा एक संयुक्त व्हिसा मिळू शकतो. इथे राहून शिकणाऱ्यांचं तसं नाही. मला बेलफास्टला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा हवा, आणि त्याची फी शंभर पौंडांहून जास्त. कायदा काटेकोर वाचला तर डब्लिनहून लेटरकेनीला, म्हणजे एका देशातल्या एका गावाहून त्याच देशातल्या दुसऱ्या गावाला, साध्या बसने जायलाही हवा.

लेटरकेनीला माझा सांगलीचा एक मित्र शिकतो. त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अगं, कोण बघतंय?"

आपण हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. रात्रीच्या रिकाम्या सिग्नलला ऐकतो, कचऱ्याची पिशवी नाल्याकडे भिरकावताना ऐकतो, परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकतो. त्याला तत्त्वज्ञानात फार जुना पत्ता आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरवला की तो दिसेनासा होतो. मग तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. गोष्ट सांगणाऱ्या ग्लॉकनचा दावा असा, की अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन सारखेच वागतील; माणूस चांगला वागतो तो कुणी बघतंय म्हणून.

पण त्या बसमध्ये अदृश्य कोण आहे? मी तर तिथे सगळ्यांत जास्त दिसते. साठ जणांत एखाददुसरा सावळा चेहरा असतो आणि तो माझा असतो. अदृश्य झालीय ती सीमा. त्यातही ती सगळ्यांसाठी सारखी अदृश्य नाही. उत्तरेकडून येणाऱ्या बसमध्ये कधीकधी आयरिश पोलीस, म्हणजे गार्डा, चढतात आणि कागदपत्रं विचारतात. ती कुणाला विचारली जातात आणि कुणाला नाहीत, यावर तिथल्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी उघड आक्षेप घेतले आहेत. 'कर नाही त्याला डर कशाला' हे आपण किती सहज म्हणतो. काहीही न केलेल्या माणसालाही डर असू शकते, हे ती म्हण रचणाऱ्याला बहुधा रांगेत उभं राहून शिकावं लागलं नसावं.

मी थेट बस घेतली नाही. डब्लिनहून स्लायगो, तिथून दुसरी बस, समुद्राच्या कडेने बंडोरन, बॅलीशॅनन, डोनेगॉल गाव, बार्न्समोरची खिंड आणि मग लेटरकेनी. वाट बघण्यासकट जवळपास सात तास. हा सगळा रस्ता आयर्लंडमध्येच राहतो.

आता यात मी नेमकं काय केलं? नियम पाळला, हे खरं. पण कांटने एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो लहान मुलालाही योग्य भावानेच माल देतो, फसवत नाही. मात्र यामागे प्रामाणिकपणाची ओढ नसून धंद्याचं गणित आहे. कांट म्हणतो, त्याची कृती कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी केलेली नाही. स्लायगोच्या बसमध्ये बसून मी स्वतःला हाच प्रश्न विचारत होते. एकटीने प्रवास करताना हे एक होतं. बरोबर चार जण असते तर निर्णय चौघांत वाटला गेला असता, एकाने विनोद केला असता आणि आम्ही कुठल्या तरी बसमध्ये चढून मोकळे झालो असतो. एकटं असलं की हिशेब मागणारी आणि देणारी व्यक्ती एकच.

मी मनातल्या मनात एक प्रयोग केला. समजा कुणी लेखी हमी दिली, की तू या बसने गेलीस तरी तुझ्या व्हिसाला, कार्डाला, पुढच्या नोकरीला कधीही धक्का लागणार नाही. तर मी गेले असते का? गेले असते. लेटरकेनीला जाताना खिडकीतून टायरोनची शेतं बघितल्याने ब्रिटनचं काय बिघडतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. म्हणजे मला थांबवलं ते भीतीने. त्याला मी सावधपणा म्हणेन. सद्गुण म्हणणार नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांत या दोन्हींची फार सरमिसळ होते. 'आम्ही इथे कायद्याने वागतो' असं छाती काढून सांगणाऱ्यांपैकी कितीजण दंडाच्या धाकाने वागतात, आणि सुट्टीत मायदेशी विमानतळाबाहेर पडल्यावर त्या कायदेप्रेमाचं काय होतं, हे आपण बघतोच.

पण म्हणून मित्राचं म्हणणं बरोबर ठरतं का? इथे मला घाई करता येत नाही, कारण ती सीमा तशी मोकळी का आहे याला इतिहास आहे.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा नवीन रेघ आखलीच गेली नाही. काउंट्यांच्या जुन्या हद्दी होत्या, त्याच देशांच्या हद्दी झाल्या. शेतांच्या आणि ओढ्यांच्या हिशेबाने पूर्वी पडलेली ती वळणं. सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आणि तिला दोनशेहून जास्त ठिकाणी छेदणारे रस्ते. १९२३ मध्ये जकात नाके आले, ते १९९३ पर्यंत होते. मधल्या हिंसेच्या काळात सैन्याच्या चौक्या आल्या. लहान रस्ते स्फोटाने उखडून किंवा काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले गेले. त्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. माझी टाळलेली बस ज्या ऑक्नाक्लॉयवरून जाते, तिथल्या चौकीजवळून १९८८ मध्ये एडन मॅकॅनेस्पी हा तेवीस वर्षांचा तरुण गेलिक फुटबॉलच्या मैदानाकडे चालत निघाला होता. चौकीवरच्या ब्रिटिश सैनिकाच्या मशीनगनमधून सुटलेल्या गोळीने तो मेला. त्या सैनिकाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं गेलं ते २०२२ मध्ये, चौतीस वर्षांनी. त्याच बसच्या वाटेवरचं पुढचं मोठं गाव ओमा. गुड फ्रायडे करार होऊन चार महिने झाले होते, तेव्हा, १५ ऑगस्ट १९९८ ला, तिथे बाजारात बॉम्ब फुटला आणि २९ जण गेले.

म्हणजे ती न दिसणारी सीमा ही कुणाची ढिलाई नाही. लोकांनी ती मोठी किंमत देऊन पुसली आहे. ब्रेक्झिटच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं अडल्या त्याचं एक मोठं कारण हेच होतं, की तिथे पुन्हा नाका नको. अशा मोकळ्या जागेचा आपण आपल्या सोयीने वापर केला, आणि 'बघा, कुणीही येतंजातं' असं म्हणणाऱ्याला एक उदाहरण पुरवलं, तर त्याचं बिल तिथल्या माणसांच्या नावावर फाटणार. मित्राच्या 'कोण बघतंय'ला माझ्याकडे असलेलं हे सगळ्यांत वजनदार उत्तर.

पण मला त्यातही खोट दिसते. मोकळ्या सीमेचा विश्वास जपायचा भार कुणावर टाकलाय? ज्यांच्यासाठी ती मोकळी नाहीच, त्यांच्यावर. शेजारच्या सीटवरचा माणूस स्वस्त पेट्रोलसाठी आठवड्यातून दोनदा रेघ ओलांडतो आणि त्याला जपावं काहीच लागत नाही. पासपोर्ट माणसाला देतो ती मुख्य चीज म्हणजे निश्चिंतपणा, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

स्लायगोहून निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारी एक आजी येऊन बसल्या. सत्तरीच्या पुढच्या. ड्रमक्लिफ गेलं, डोंगर ढगात होता, आणि त्यांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. कुठली तू, काय शिकतेस, एकटीच का. मग म्हणाल्या, डब्लिनहून लेटरकेनीला आणि या बाजूने? ती दुसरी बस सरळ जाते की. मी कारण सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. पुन्हा सांगितलं.

"आमच्या त्या बसमध्ये?" त्या म्हणाल्या. "तुला बसता येत नाही?"

जन्मापासून त्या सीमेच्या आसपास राहिलेल्या बाईला हे माहीत नव्हतं. मग त्यांनी लोण्याची गोष्ट काढली. त्यांच्या लहानपणी एका बाजूला लोणी स्वस्त, दुसऱ्या बाजूला महाग. बायका कोटाच्या आत लोण्याची पाकिटं लपवून नाका पार करायच्या. उन्हाळ्यात नाक्यावर जास्त वेळ थांबवलं की पंचाईत. जकातवाल्यालाही माहीत असायचं, तो मुद्दाम गप्पा लांबवायचा. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं. त्यांच्या गावात तस्करी हे पाप नव्हतं. कायदा बाहेरून आलेला होता आणि लोकांनी तो पावसासारखा धरला होता: आडोसा बघायचा, निभावून न्यायचं.

मला ती गोष्ट आवडली. पण तिच्यात मला जागा नव्हती, हेही दिसत होतं. पकडल्या गेल्या असत्या तर त्यांचं लोणी गेलं असतं. गाव त्यांचंच राहिलं असतं. गंमत म्हणून नियम मोडता यायला मागे एक गाव लागतं.

बस थांब्यांवर थांबत होती. आयर्लंडमध्ये बसमधून उतरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ड्रायव्हरला 'थँक्स' म्हणतो. शाळकरी पोरंसुद्धा. मागच्या दारातून उतरायचं असेल तर लांबून ओरडून म्हणतात. याचा कुठे कायदा नाही, न म्हटल्यास दंड नाही. ग्लॉकनला ही बस दाखवायला हवी होती. कुणी सांभाळत नसलेला एक नियम इथे सगळे पाळतात, आणि पुस्तकात छापलेला एक नियम सगळ्यांच्या गावीही नाही. फरक बहुधा असा, की पहिला नियम त्या लोकांनी एकमेकांसाठी केलाय. दुसरा केलाय तो त्यांच्यात नसलेल्यांसाठी. पहिला मी तिथे आल्यावर आठवड्याभरात उचलला आणि तो पाळताना भीतीचा लवलेशही नसतो. दुसरा रोज पाळते आणि त्याचं मला काडीचं प्रेम नाही. दोन्हींना आपण 'नियम पाळणं' हा एकच शब्द वापरतो, ही भाषेची गरिबी आहे.

तेव्हा मित्राला मी चोर म्हणणार नाही. त्याने कुणाचं काही घेतलेलं नाही. मात्र 'कोण बघतंय' हे त्याचं कारण मला पटत नाही. नियम अन्याय्य वाटत असेल तर तसं म्हणावं. कुणी बघत असतानाही म्हणता येईल असं ते कारण आहे. मोडतानाही आणि पाळतानाही. मी सात तास घालवून पाळला, आणि हा नियम वेडगळ आहे हे मी आजींना सांगितलं, इथे लिहितेय, आणि कुणी अधिकाऱ्याने विचारलं तर त्यालाही सांगेन. डब्लिनच्या सरकारला लंडनशी बोलून निदान स्वतःच्या देशात बसने जाणाऱ्यांची सोय करता येईल, इतकी साधी ती मागणी आहे.

बॅलीशॅननच्या अलीकडे माझा फोन वाजला. बेलीक, म्हणजे ब्रिटन, तिथून सात-आठ किलोमीटरवर. टॉवर पलीकडचा लागला होता. यूकेमध्ये तुमचं स्वागत आहे, म्हणाला. आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "बघ, पोचलीस की."

लेटरकेनीच्या स्टँडवर मित्र उभा होता. त्याच्या हिशेबाने मी तीन तास उशिरा आले होते. चहा पिता पिता त्याने परतीचं विचारलं: रविवारी दुपारची थेट बस घेतलीस तर जेवून आरामात निघता येईल. मी स्लायगोचं तिकीट काढलं. ती बस सकाळची होती. तो कुरकुरत उठला आणि मला सोडायला आला.