सत्कार झाला, पुढे काय?



काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात पदवीधर मुलामुलींचा सत्कार झाला. त्यात बी. कॉम. झालेली एक मुलगी होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. ती वॉकरच्या आधाराने चालते, एका हाताने टाईप करते, बोलताना थोडी अडखळते. तिचे नाव पुकारले तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या वाजल्या. आम्हीच तिच्या खांद्यावर शाल घातली आणि ही मुलगी आपल्या सर्वांचा आदर्श आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले.

तीन-चार महिन्यांनी धर्मग्रामाच्या कार्यालयात हिशेब लिहायला माणूस हवा होता. तिने अर्ज केला. टॅलीचा कोर्सही तिने केला होता. आम्ही तिला प्रेमाने बसवले, चहा दिला आणि म्हणालो, "बाळ, या पायऱ्या तुला रोज कशा जमतील? तुझे हाल होतील."

ती म्हणाली, "फादर, पायऱ्या तीनच आहेत. कॉलेजात बेचाळीस होत्या. तुम्ही हिशेबाचं विचारा ना."

आम्ही हिशेबाचे काहीच विचारले नाही. नोकरी दुसऱ्याला दिली. तिच्या काळजीपोटीच असे केले, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. खरे सांगायचे तर तो सरळसरळ नकार होता. त्याला आम्ही काळजीचे शब्द पांघरले होते. पुढे एकदा घरभेटीला गेलो असता तिची आई म्हणाली, "फादर, शाळा-कॉलेज होतं तोवर ती सगळ्यांची होती. आता ती फक्त आमची आहे."

त्या माऊलीच्या बोलण्यात मोठे सत्य आहे. शिकत असताना दिव्यांग मुलाला आधार देणारी माणसे आणि नियम असतात. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात तर २००३ सालापासून दृष्टिहीनांसाठी खास केंद्र चालू आहे. पण शेवटचा पेपर झाला की यातले बरेचसे मागे राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. परंतु आपल्या वसईतील बहुतेक मुले कंपन्यांत, गाळ्यांत, दुकानांत, खाजगी कार्यालयांत काम शोधतात. तेथे अशा आरक्षणाची सक्ती नाही. तेथे प्रश्न मालकाच्या मनापाशी येऊन थांबतो. म्हणजेच तुमच्या-आमच्या मनापाशी.

मग प्रश्न असा, की अशा मुलाला काम देणे हा उपकार आहे की न्याय?

ॲरिस्टॉटलला आपण न्यायाचा थोर अभ्यासक मानतो. सेमिनरीत आम्हीही त्याच्याकडून पुष्कळ शिकलो. पण व्यंग घेऊन जन्मलेले मूल वाढवूच नये, असा कायदा असावा, असे त्याच तत्त्ववेत्त्याने लिहून ठेवले आहे. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवू लागलो, तर एवढा बुद्धिमान माणूसही कोठे जाऊन पोहोचतो ते पाहा. ख्रिस्तसभा माणसाकडे पाहते ती परमेश्वराची प्रतिमा म्हणून. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे विश्वपत्र लिहिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्याचा गाभा. दिव्यांगांसाठी त्यात स्वतंत्र विभाग आहे. केवळ धडधाकटांनाच कामात घेणे म्हणजे बलवंतांनी दुबळ्यांवर केलेला अन्याय होय, असे पोप महाशय तेथे बजावतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही भावंडांचे अपंगत्व इतके तीव्र असते की त्यांना कोणतेही काम जमत नाही. त्यांची प्रतिष्ठा तिळभरही कमी नाही. प्रतिष्ठा कामातून येत नाही. ती माणसाजवळ आधीपासून असते. म्हणूनच ज्याला काम करता येते, करावेसे वाटते, त्याला न विचारता बाजूला सारणे हा त्या प्रतिष्ठेचा अपमान ठरतो.

कोणी व्यावसायिक म्हणेल, "फादर, मला धंदा चालवायचा आहे, दानधर्म नाही." त्याचे म्हणणे योग्य आहे. काम न करता पगार द्या, असे आम्ही म्हणत नाही. आधी कामाबद्दल विचारा, एवढेच म्हणतो. आम्ही वेदीवर चष्मा लावून वाचतो, माईकवर बोलतो. त्याला कोणी सवलत म्हणत नाही. कार्यालयातली ट्यूबलाईट दिवसभर जळते ती डोळस माणसांसाठी. दृष्टिहीनाला तिची गरज नसते. त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लागते, आणि एनव्हीडीएसारखे सॉफ्टवेअर तर मोफत मिळते. प्रत्येक कामाची जागा कोणाच्या तरी सोयीने बांधलेली असते. ती आपल्या सोयीची असली की आपल्याला ती सोय दिसत नाही.

दुसरा एक मोह आहे. आपण असामान्य व्यक्तींचे दाखले देतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दृष्टिहीन असूनही आय.ए.एस. अधिकारी झाल्या, हे आपण मुलांना सांगतो. पण त्याआधीच्या परीक्षेतून रेल्वेच्या लेखासेवेत निवड झाली असता दृष्टिहीनतेचे कारण पुढे करून त्यांना नाकारण्यात आले होते, हे सांगायचे राहून जाते. त्या पुन्हा लढल्या आणि जिंकल्या. पण साध्या नोकरीसाठी प्रत्येक दिव्यांग मुलाने पराक्रमच गाजवला पाहिजे का? आपली इतर मुले पन्नास-पंचावन्न टक्के मिळवून कुठेतरी चिकटतात, चुकत-माकत शिकतात. तसे सामान्य राहण्याचा अधिकार यांनाही हवा.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. धनी दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. शेवटच्या खेपेला, दिवस कलताना, तो उरलेल्यांना रिकामे उभे राहण्याचे कारण विचारतो. आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. सकाळी मजुरांच्या नाक्यावरून जाताना आपण पाहतो, मुकादम आधी कोणाला उचलतो ते. संध्याकाळपर्यंत मागे कोण उरले असतील, याची कल्पना करा. धन्याला त्यांच्या हातावर चार नाणी ठेवून घरी जाता आले असते. ते दान ठरले असते. त्याने त्यांना मळ्यात पाठवले. आधी काम दिले, मग मजुरी दिली.

बंधुभगिनींनो, आमच्या कार्यालयाच्या तीन पायऱ्यांशेजारी आता उतार बांधला आहे. बांधायला दोन दिवस लागले. ती मुलगी मात्र अजून घरीच आहे. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेते. हिशेबाची जागा पुन्हा भरायची वेळ येईल तेव्हा तिला बोलावून आम्ही हिशेबाचे प्रश्न विचारणार आहोत. त्याआधी कोणी तिला नेले तर आम्हांला आनंदच होईल.

तुमच्यापैकी ज्यांचा गाळा, दुकान, क्लिनिक, कार्यालय आहे, त्यांनी निदान एका दिव्यांग विद्यार्थ्याला शिक्षणाच्या शेवटच्या वर्षातच दोन-तीन महिने, रीतसर मानधन देऊन, काम शिकायला घ्यावे. पदवी हातात पडेपर्यंत थांबू नये. घरी अशी मुले असलेल्या आईवडिलांनी त्यांना लपवू नये, त्यांच्या वतीने 'जमणार नाही' असे परस्पर सांगू नये. दोघांनीही मिस्सानंतर कार्यालयात येऊन नावे द्यावीत. यायला आता उतार आहे.

प्रभू आपल्या सर्वांच्या हातांना काम देवो.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू