दुसऱ्याच्या नंबरचे विमान

हवाई दलाच्या विंटेज फ्लाइटमध्ये एक डाकोटा आहे. नाव परशुराम, शेपटीवर नंबर व्हीपी 905. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला जे पहिले डाकोटा उतरले, त्याचा हा नंबर. पण हे ते विमान नव्हे. हे 1944 साली बांधलेले, ब्रिटिश हवाई दलाचे दुसरेच डाकोटा. राजीव चंद्रशेखर यांनी ते 2011 मध्ये भंगारातून उचलले आणि इंग्लंडमध्ये उडते करून घेतले. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, डाकोटाचे पायलट होते. हवाई दलाला ही भेट देऊ केली तेव्हा आधी नकार आला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना होकार मिळाला. एप्रिल 2018 मध्ये विमान टप्प्याटप्प्याने उडत, जामनगरमार्गे हिंडनला पोहोचले.

मी चिपळूणकडचा, परशुरामाचे देऊळ आमच्या घाटात. भंगारातून उठलेल्या विमानाला सात चिरंजीवांपैकी एकाचे नाव द्यावे, हे मला फार आवडले. नंबर मात्र खुपला.

खुपण्याचे कारण धंद्याचे आहे. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. इंजिन आमचे नाही, वायरिंग आमचे नाही. विमानाचे अंग आमचे. ड्युरॅल्युमिनचा पत्रा गंजला की तांबूस होत नाही, पांढरी भुकटी धरतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. तेवढा भाग कापायचा, नवा बसवायचा, हिरवट-पिवळा प्रायमर मारायचा, रिव्हेट ठोकायचे आणि फॉर्म 700 मध्ये लिहून सही करायची. काही वर्षांनी कारखान्यातून आला होता तो पत्रा किती आणि आमचा किती, हे कुणालाच सांगता येत नाही. विमान तेच असते, कारण आजची सही कालच्या सहीला लागून आलेली असते.

आता मुक्काम भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये. खाडी आणि मिठागरे जवळ. खिडकीचे गज सुद्धा दर दोन पावसाळ्यांनी रंग मागतात. सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी संस्कृतचे एक निवृत्त मास्तर भेटतात. त्यांना मी ही डाकोटाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘‘फिटरसाहेब, तुमचा प्रश्न जुना आहे. कृतनाश आणि अकृताभ्यागम.’’ केलेले वाया जाणे आणि न केलेले पदरात पडणे. कर्मसिद्धांत मानायचा तर हे दोन्ही दोष टाळावे लागतात. करणारा आणि भोगणारा एकच हवा. टिकून राहणारा आत्माच नाही, सगळे क्षणाक्षणाला बदलते म्हणणाऱ्या बौद्धांना नैयायिकांनी याच मुद्द्यावर कोंडीत पकडले होते.

बौद्धांकडे उत्तर होते, आणि ते आम्हा आंबेवाल्यांना चटकन कळणारे आहे. मिलिंदपञ्हात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: एकाने आंबे चोरले आणि पकडल्यावर म्हणाला, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी घेतले ते वेगळे, मग चोरी कसली? राजा म्हणतो, शिक्षा होणारच. हे आंबे त्या आंब्यातूनच आलेले. तेच नाही आणि दुसरेही नाही. ओघ तुटलेला नाही, एवढे पुरे. माझा फॉर्म 700 दुसरे काय सांगतो?

या मापाने मी विमाने मोजायला लागलो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत हे लढाऊ विमान उभे आहे. इंद्रलोकात राहून मरुत बघायला महालक्ष्मीला उतरावे लागते, असो. ते उडणार नाही, पण अंग त्याचे आणि इतिहासही त्याचाच. विमानवाहू विक्रांतचे उलटे. 1971 च्या युद्धात जिच्या डेकवरून सी हॉक आणि अलीझे उडाली ती बोट 2014 मध्ये दारूखान्यात तोडली. तिच्या लोखंडाचा काही भाग बजाजच्या मोटरसायकलींत गेला. सप्टेंबर 2022 मध्ये नवी विक्रांत नौदलात आली, आर 11 हाच नंबर घेऊन. ज्या अंगाने केले ते पेट्रोलच्या टाकीत, आणि मान नव्या अंगाला.

पण सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण लिबरेटरचे. दुसरे महायुद्ध संपल्यावर कानपूरला ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडून टाकली होती. 1948 पासून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतून चाळिसाच्या आसपास विमाने उभी केली. ती आधी कशीबशी उडण्याजोगी करून बंगळुरूला न्यायची, मग नीट दुरुस्त करायची. कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती उडवत घेऊन गेले. कुठल्या क्षणी काय निसटेल याची खात्री नसलेल्या विमानात बसणे म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्याला विचारा. पुढे पुण्याच्या 6 नंबर स्क्वाड्रनने ती समुद्रावर टेहळणीला वापरली. 1968 मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा जगात इतरत्र लिबरेटर जवळपास उरलीच नव्हती. म्हणून परदेशी संग्रहालये भारताकडे आली.

त्यांतले एचई 771 अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. पगारी कारागीर आणि स्वयंसेवक यांनी मिळून ते 1989 मध्ये पुन्हा उडवले. रिव्हेट एकट्याने ठोकता येत नाही. बाहेर एकाने गन धरायची, आत दुसऱ्याने पोलादी बार दाबून धरायचा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, ठोक्यावरून कळते. जे काम आम्ही पगारावर, हुकमाने केले, ते हे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी, कानठळ्या सोसून करतात. पगार नाही, बढती नाही, पेन्शन नाही. याहून निष्काम कर्म मला दाखवा.

त्यांनी विमान रंगवले ते मात्र दुसऱ्यांच्या नावाने. आधी ‘ऑल अमेरिकन’, मग ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’, 2005 पासून ‘विचक्राफ्ट’. मूळचे विचक्राफ्ट 130 लढाऊ मोहिमा केलेले, युरोपवर बॉम्ब टाकणारे वेगळे विमान. म्हणजे एकाच अंगावर दोन्ही दोष: स्वतःची भारतातली वीस वर्षे रंगाखाली गेली आणि जर्मनीवरचे बॉम्ब पदरात पडले. पुण्यच येते असेही नाही. त्या बॉम्बखाली माणसे मेली, तेही नावाबरोबर येते. मान घेताना नाव हवे आणि हिशेब देताना अंग वेगळे, असे चालणार नाही.

मास्तरांच्या मते मग हे सरळ खोटे आहे. परशुरामही खोटा आणि विचक्राफ्टही. इथे माझे त्यांच्याशी जमत नाही. आपल्याकडे एकाने करायचे आणि ते दुसऱ्याला पोहोचायचे, याची सोय धर्मानेच केली आहे. श्राद्ध म्हणजे आणखी काय? मुलगा पिंड देतो, बाप तृप्त होतो. कर्माचा काटेकोर हिशेब मांडणारेच पितृपक्षात हा अपवाद दरवर्षी करतात. पण त्याला एक अट आहे: तर्पण करताना नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. मुलगा स्वतःला बाप म्हणवून घेत नाही. तेव्हा परशुरामाला व्हीपी 905 लावा, सलामीही द्या. फक्त दारापाशी एक पाटी हवी: अंग अमक्याचे, नंबर तमक्याचा, आणि दोघांनी काय काय केले. लिबरेटरच्या पाटीवर पुणे आलेच पाहिजे.

मास्तर हटले नाहीत. म्हणाले, ‘‘श्राद्धाला अधिकार लागतो. हौशी मंडळींचा त्या विमानाशी संबंध काय?’’ मी म्हटले, ज्यांचे कुणी नाही त्यांच्यासाठीही तर्पणात पाणी सोडतात, तुम्हीच सोडता. ॲल्युमिनियमला कुठला सगोत्र? शिवाय स्वयंसेवकाने ठोकलेला रिव्हेट तसाच उडत नाही. अधिकार असलेला माणूस तो तपासतो आणि आपल्या नावाने सही करतो. विमान पडले तर जाब त्याला.

‘‘म्हणजे यजमान हौशी आणि पुरोहित परवानाधारक,’’ मास्तर म्हणाले. ‘‘एवढे मान्य. पण मग बॉम्बचे प्रायश्चित्त दोघांपैकी कुणी घ्यायचे?’’

सही करणाऱ्याने, असे मी म्हणालो. मी स्वतः अशा सह्या केलेल्या आहेत, तेव्हा हे उत्तर मला स्वस्तात पडलेले नाही.